चिकण्याचे तेल: एकविसावे आवर्तन

१९५८ सालच्या नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातल्या वासुदेवराव वैद्यांच्या परसात एकविसाव्या वेळी कढत असलेले चिकण्याचे तेल चुलीवरून उतरवण्यात आले. ते पंधरा मिनिटे आधी उतरायला हवे होते. त्या वेळी चुलीपाशी एकच माणूस होता. तो मी होतो.

पुण्याच्या ज्या दैनिकात मी उपसंपादक आहे, त्याच्या रविवारच्या पानासाठी देशी औषधांवर मजकूर हवा होता. आठ दिवसांची रजा शिल्लक होती आणि थोरली बहीण बंगळुरात होती. तिचे यजमान तिथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहेत. एवढ्या तीन कारणांवर हा प्रवास ठरला.

सोमवार, मल्लेश्वरम

ताईच्या घराला पुढे अंगण आणि मागे परस आहे. परसात नळाच्या सांडपाण्यावर कमरेएवढे एक झाड वाढले होते. पाने बदामाच्या आकाराची, मऊ, फुले पिवळी, फळ मात्र चमत्कारिक, चकतीसारखे, कडेला एकसारखे दाते असलेले.

भाऊजींनी एक फळ तोडून तळहातावर ठेवले. "हे बघ, निसर्गाने केलेलं दातेरी चाक. आमच्या लेथवर असं एक काढायला माणसाचा दिवस जातो."

"लोण्यावर उठवायला ह्याचा ठसा छान येतो," ताई म्हणाली. "शेजारच्या बायका ह्याला श्रीमुद्रे म्हणतात. आपल्याकडची मुद्रा."

मुद्रा म्हणजे वैद्यकातली अतिबला. आमच्याकडे तिला पेटारीही म्हणतात. लहानपणी हिचे फळ शाईत बुडवून पाटीच्या चौकटीवर उठवल्याचे मला आठवले. औषध म्हणून तिच्याकडे कधी पाहिले नव्हते. ताईने एक पान पाण्याच्या वाटीत चुरगळले. पाच मिनिटांत पाणी जाड झाले. वाटी तिरपी केली तरी ते सावकाश सरकले. गळवावर ही पाने वाटून बांधतात आणि लघवीला जळजळ झाली की हे पाणी खडीसाखर घालून पितात, असे ती म्हणाली. हे तिला मल्लेश्वरममध्ये आल्यावर कळले होते.

हा बुळबुळीतपणा म्हणजे ह्या साऱ्या कुळाची खूण आहे. भेंडी, अंबाडी, जास्वंद, कापूस, मुद्रा आणि चिकणा ही सगळी वनस्पतिशास्त्रात एकाच घराण्यातली. पाच पाकळ्या, आणि मधोमध केसरांची एकत्र जुळलेली नळी. जास्वंदीत ती नळी लांब बाहेर येते म्हणून दिसते. चिकण्यात ती शोधावी लागते. पुण्यात जास्वंद गणपतीला वाहतात. इथे बायका तिच्या पानांनी न्हातात. पाने पाण्यात कुस्करायची आणि फेस केसांना चोळायचा. शेजारणीने दुसऱ्या दिवशी त्याच पानांचे हिरवट दोसे पाठवले. चव भेंडीच्या जवळची होती. भाऊजींनी दोन खाल्ले आणि केसांवरून हात फिरवून म्हणाले, "आतूनही वाढतील."

मंगळवार, सिटी मार्केट आणि वैद्यांचे परस

सकाळी सिटी मार्केटजवळच्या एका अत्ताराच्या दुकानात गेलो. पोती, बरण्या आणि खोकणारी गिऱ्हाइके. दुकानदार म्हातारे, डोक्यावर फरची टोपी.

"क्या होना साब?"

या कुळातले औषध पाहायचे आहे, असे मी मोडक्या हिंदीत सांगितले. त्यांनी दोन पुड्या सोडल्या. एकीत वाळलेली जांभळट फुले, दुसरीत चपट्या बारीक बिया. खतमी आणि खुबाजी. दोन्ही उत्तरेकडून येतात आणि सर्दीच्या काढ्यात पडतात.

"इसका भाई इधर बी उगता," ते म्हणाले. "पर फुकट मिलता सो चीज को दवा कौन बोलता?"

वासुदेवराव वैद्य ताईच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचे घराणे कधी इकडे आले ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात; पण ती मराठी कन्नडच्या शेजारात वाढलेली आहे. वय साठीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, कपाळावर गंधाची उभी रेघ.

"या की, बसा की. अक्कांचे भाऊ म्हणजे आमचेही भाऊ. पुण्याचे पेपरवाले म्हणे. आम्ही काय छापण्यासारखं करतो हो?"

परसात एका चुलीवर कल्हई केलेले रुंद पातेले पालथे घालून ठेवले होते. शेजारी चिनी मातीच्या बरणीत तेल. बरणीवर खडूने वीस रेघा ओढलेल्या.

रेघांचा अर्थ वासुदेवरावांनी सांगितला. तिळाचे तेल घ्यायचे. त्यात चिकण्याच्या मुळ्यांचा काढा, गाईचे दूध आणि त्याच मुळ्यांचा वाटलेला गोळा घालून मंद आंचेवर पाणी आटेपर्यंत कढवायचे, मग गाळायचे. हे एक आवर्तन. गाळलेले तेच तेल घेऊन नवा काढा, नवे दूध, नवा गोळा, आणि पुन्हा सुरुवात. वासुदेवरावांच्या घरी एकवीस आवर्तने करतात. हे तेल श्रावणात चढले होते. वीस झाली होती.

"एकविसाव्यात जपायचं," ते म्हणाले. "तोवर सगळं सुधारता येतं. शेवटचं सुधारता येत नाही; एकविसावर बाविसावं चढवत नाहीत."

कढवण्याच्या शेवटी गोळा बोटांत घेऊन पाहतात. मऊ मेणासारखा असला तर पाक मृदू. ते तेल नाकात घालण्यासाठी. वात वळली आणि बोटाला चिकटली नाही तर मध्यम; ते पोटात देण्यासाठी. कोरडा, रवाळ झाला तर खर. ते फक्त अंगाला चोळण्यासाठी. त्याहून पुढे गेले तर जळले. वासुदेवरावांना ह्या वेळी मृदू हवा होता.

का हवा होता, ते त्याच वेळी दारातून आत आले. शामण्णा मास्तर, कन्नड शाळेतले निवृत्त शिक्षक, शेजारच्या देवळात काव्य चालीवर गाऊन त्याचा अर्थ सांगणारे. ह्या कलेला इथे गमक म्हणतात. आमच्याकडच्या कीर्तनापेक्षा ही शांत असते, टाळ नाही, उभे राहणे नाही. माणूस बसून वाचतो. भाद्रपदात एका सकाळी त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळली. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, तिथले उपचार झाले, बराच फरक पडला. पण ओठ मिटेनात. प, ब आणि म ही अक्षरे तोंडातून निसटू लागली.

"बसा मास्तर," वासुदेवराव म्हणाले.

"बसतो. बसण्यात ओठ लागत नाहीत," शामण्णा म्हणाले; दोन्ही ब अर्धवट हवेतच गेले. ते हुबळीकडे शिकलेले, मराठी चांगली बोलत. माझ्याकडे वळून त्यांनी स्वतःच खुलासा केला. "अर्धं तोंड नोकरीवर आहे. अर्धं बिनपगारी रजेवर."

पुढच्या महिन्यात, मार्गशीर्षातल्या एकादशीला, देवळात त्यांचे वाचन असते. बावीस वर्षे चुकलेले नाही. देवळाच्या मंडळींनी ह्या वर्षी दुसरा माणूस पाहून ठेवला होता आणि तसे त्यांना सांगितलेही होते. निर्णय मात्र त्यांच्यावर सोडला होता. शनिवारपासून सात सकाळी वासुदेवराव नाकात तेलाचे थेंब घालणार होते. मधे विश्रांती, मग पुन्हा सात. एकादशीपर्यंत एवढाच वेळ होता.

"गुण येईल का?" मी वासुदेवरावांना विचारले.

"आलाय पुष्कळांना. नाही आलेलेही आहेत. लिहिताना दोन्ही लिहा."

शेवटच्या आवर्तनाच्या मुळ्या अजून यायच्या होत्या. त्या येलहंक्याची मुनियम्मा आणते. तिच्याबरोबर जायची परवानगी मी मागितली. "सरी, चला," वासुदेवराव म्हणाले, आणि हसले. "पण ती सांगेल ते ऐकायचं. मीही ऐकतो."

बुधवार, येलहंका

येलहंका हे बंगळूरच्या उत्तरेचे जुने गाव. स्टेशन, बाजार, तळे, आणि तळ्यापलीकडे नाचणीची शेते. नाचणी कापणीला आली होती. शेतांच्या मधे हत्तीच्या पाठीसारखे काळे खडक वर आलेले असतात. त्यांच्यावर बायका धान्य वाळत घालतात. आमच्याकडे खळे सारवून करावे लागते. इथे ते आयते मिळते.

मुनियम्मा पन्नाशीची, बारीक अंगाची. पदराला चुन्याची डबी, कमरेला खोचलेले खुरपे. तिला मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही. वासुदेवराव बरोबर होते, ते मधे बोलत.

ती संध्याकाळी चार वाजता आम्हाला तळ्याच्या बांधाखाली घेऊन गेली. चिकण्याची झाडे गुडघ्यापेक्षा खाली, पाने बदामी आणि मखमली, फुले फिकट पिवळी, दुपारनंतर मिटू लागलेली. कन्नडमध्ये हेत्तुत्ती. मी एक झाड उपटून पाहू लागलो. ते हलले नाही. दोन्ही हात लावले तेव्हा पाने हातात आली आणि मी मागे बसलो. उठलो तेव्हा दोन्ही पायमोजे फळांच्या कुसळांनी भरले होते. वैद्यकात ह्या झाडाचे नाव बला आहे.

मुनियम्मा काही तरी म्हणाली.

"ती म्हणते, बोलावणं नसताना जेवायला बसलात," वासुदेवराव म्हणाले.

मुळ्या त्या दिवशी काढायच्याच नव्हत्या. त्या दिवशी फक्त निरोप द्यायचा होता. मुनियम्माने एक थोराड झाड निवडले, त्याच्या बुंध्याशी पाणी शिंपडले, हळदकुंकू लावले, चिमूटभर तांदूळ ठेवले आणि साध्या आवाजात, शेजारणीशी बोलावे तशी बोलली. उद्या उजाडताना येते. मास्तरांच्या तोंडासाठी पाहिजे. कुठे जाऊ नकोस.

पत्री तोडताना झाडाची क्षमा मागणाऱ्या बायका मी आमच्याकडे पाहिल्या आहेत. आदल्या दिवशी वर्दी देणे प्रथमच पाहिले.

"झाड कुठं जाणार?" मी विचारले.

वासुदेवरावांनी तिला विचारले. ती हसली नाही. तळ्यापलीकडच्या मोकळ्या पट्ट्याकडे हात केला. तिथे चुन्याने रंगवलेले हद्दीचे दगड एका ओळीत रोवलेले होते.

"तिथली गेली, म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिथूनच आणायची."

कुठली झाडे घ्यायची नाहीत तेही तिने सांगितले. वारुळावरची नाहीत, मसणातली नाहीत, गाडीवाटेवरची नाहीत. ज्यांचे बी अजून कच्चे आहे ती नाहीत.

रात्रीचे जेवण तिच्या घरी झाले. दारातच तिच्या सुनेने "ऊट आयता?" म्हणून विचारले होते. जेवण झाले का, असा त्याचा अर्थ, आणि नाही म्हटल्यावर पुढे काही बोलायला जागा राहत नाही. नाचणीच्या पिठाचा वाफवलेला गोळा, मुद्दे, आणि त्यावर ओल्या पावट्यांचे झणझणीत सारू. मी गोळ्याचा तुकडा तोडला आणि भाकरीसारखा चावू लागलो. तो दातांना, टाळूला, जिभेला, सगळीकडे चिकटला. सून तोंडाला पदर लावून आत गेली. मुनियम्माने मला समोर बसवून दाखवले. तुकडा तोडायचा, सारूत बुडवायचा, गिळायचा. चावायचा नाही.

"भाकरीला दात लागतात," वासुदेवराव म्हणाले, "ह्याला विश्वास लागतो."

तिसऱ्या घासाला जमले. झोपायला गावातल्या छत्रात गेलो. प्रवाशांसाठी बांधलेल्या धर्मशाळेला इकडे छत्र म्हणतात.

गुरुवार, येलहंका ते मल्लेश्वरम

उजाडताना धुके होते. मुनियम्मा आमच्या आधी बांधाखाली पोचली होती. तिने खुरप्याने झाडाभोवती माती सैल केली, मग लोखंडी कांबीने खालून उचलले. सोटमूळ हातभर लांब, बोटाएवढे जाड, पिवळसर. साल ओढली की दोरीसारखी निघते. ह्या कुळातल्या पुष्कळांची निघते, अंबाडीचे दोर त्याचमुळे होतात. प्रत्येक झाडाचे बी तिने तिथेच तळहातावर चोळून त्याच खड्ड्यात टाकले आणि पायाने माती सारली. चार झाडे घेतली की एक सोडायचे. पूर्वेला तोंड करूनच खणायचे. दीड तासात टोपली भरली.

वेळ का पाळायची, असे विचारल्यावर तिने सांगितले, ऊन चढले की मूळ जमिनीला जास्त धरते. वासुदेवराव म्हणाले, त्यांच्या पोथीत कारण वेगळे आहे. दोघांनी आपापली कारणे एकमेकांना ऐकवली आणि दोघेही आपापल्या जागी राहिले.

दुपारी मल्लेश्वरमला मुळ्या धुऊन कुटल्या. कुटण्याचे काम वासुदेवरावांच्या पत्नी, पद्मक्का, करतात. बाई ठेंगण्या, आवाज मोठा. मुसळ माझ्या हातात दिले तेव्हा पन्नास घावांत माझ्या तळव्याला फोड आला.

"अण्णा, लेखणी धरायचे हात तुमचे," त्या म्हणाल्या. "सोडा इकडे. वीस वेळा मीच कुटलंय, एकविसाव्याला तुमचं नाव नको लागायला."

कुटलेल्या मुळ्या पाण्यात घालून पाणी चौथाई होईपर्यंत उकळले. काढा रात्रभर झाकून ठेवला.

शुक्रवार, मल्लेश्वरम

सकाळी आठला चूल पेटली. तेल, काढा, दूध आणि गोळा पातेल्यात एकत्र झाले. सुरुवातीला सगळे पांढरट असते आणि खदखदते. पद्मक्का लांब दांड्याच्या कलथ्याने तळ खरवडत होत्या. दुधाचा साका तळाला लागू द्यायचा नसतो. जाळ नारळाच्या शेंड्यांचा, बेताचा. साडेनऊला पाण्याचा आवाज कमी झाला. दहाला पद्मक्का हात धुऊन उठल्या. पलीकडच्या आळीत त्यांच्या भाचीच्या मुलाचे बारसे होते आणि पाळण्याची दोरी त्यांच्या हातात द्यायची होती. कलथा वासुदेवरावांनी घेतला.

अकराला एक माणूस धावत आला. गल्लीच्या टोकाला एक बाई विहिरीच्या पायरीवरून घसरली होती, मनगट सुटले होते. वासुदेवराव हाडेही बसवतात. त्यांनी पातेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अजून वेळ आहे. ढवळत राहा, हात आत घालू नका, भाजाल. फेसावर नजर ठेवा आणि वेळ झाली की पातेलं उतरवा. स्वल्प काम आहे, आलोच."

ते गेले. मी घड्याळ कट्ट्यावर ठेवले आणि वहीत वेळ लिहीत गेलो. त्या नोंदी अशा:

अकरा दहा. बुडबुडे मोठे, आवाज कमी.

अकरा वीस. गोळा तपकिरी, कलथ्याला लागतो.

अकरा पंचवीस. पांढरा फेस अचानक वर आला, सगळीकडे पसरला.

आमच्या घरी आई दर आठवड्याला लोणी कढवत असे. फेस वर येतो, मग विरतो, खाली सोनेरी तूप दिसू लागते, बेरी तळाला बसते, आणि तेव्हा आई पातेले उतरवते. फेस असताना उतरवले तर तूप कच्चे राहते, वास येतो, टिकत नाही. हे मी शेकडो वेळा पाहिले होते. मी फेस विरण्याची वाट पाहिली.

अकरा पस्तीस. फेस कमी.

अकरा चाळीसला वासुदेवराव मागच्या दाराने आले. चुलीपर्यंत यायच्या आधीच त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, त्याने पातेल्याचे काठ धरले आणि ते एकदम जमिनीवर घेतले. मग कलथ्यावरचा गोळा बोटांत घेऊन वात वळू पाहिली. वळली नाही. बोटांतून रवा गळला.

"फेस कधी आला?"

"अकरा पंचवीसला."

"मग?"

"तो विरायची वाट पाहिली. तुपाला पाहतात तशी."

ते कट्ट्यावर बसले.

"तुपाचा फेस विरला म्हणजे तूप झालं," ते म्हणाले. "तेलाला फेस आला म्हणजे तेल झालं. उलटं आहे."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असेल? तुमच्याकडे घरी तूप कढवतात, तेल घाण्यावरून आणतात. मी सांगायला पाहिजे होतं. आमच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून सुचलं नाही."

त्यांनी थोडा गोळा निखाऱ्यावर टाकला. तडतड झाली नाही. म्हणजे पाणी राहिले नव्हते. वास करपल्याचा नव्हता. तेल जळलेले नव्हते, खर झाले होते. अंगाला लावण्यासाठी उत्तम. नाकासाठी नाही.

पद्मक्का बारशाहून आल्या तेव्हा त्यांच्या हातात घुगऱ्यांचा पुडा होता. पातेल्यात पाहिल्यावर पुडा त्यांनी माझ्याजवळ ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय हो अण्णा, तेलाची बेरी खायची होती काय?"

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"तुमची आहेच. ह्यांचीही आहे. पेपरवाल्याला चुलीपाशी बसवतात होय कुणी?"

मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि नवऱ्याकडे वळल्या. रंग तोच आहे, वास तोच आहे. मास्तरांना काय कळणार? गरम करून दोन थेंब घातले तर घातले. श्रावणापासून राबले आहे घर. विसाव्या आवर्तनाचे वाटीभरसुद्धा बाजूला ठेवलेले नाही.

"काय होईल घातलं तर?" मी विचारले.

"कदाचित काही नाही," वासुदेवराव म्हणाले. "कदाचित आत जळजळेल, कोरडं पडेल. मला माहीत नाही. मी कधी घातलं नाही, माझ्या वडिलांनी घातलं नाही."

त्यांनी तेल गाळले. बरणीत भरले. एकविसावी रेघ ओढली नाही.

शनिवार, मल्लेश्वरम

शामण्णा मास्तर सकाळी सहाला आले. अंघोळ करून, उपाशी पोटी, सांगितल्याप्रमाणे. बरोबर घडी केलेला पंचा होता, नाकात तेल घातल्यावर तोंड पुसायला. मी आधीच जाऊन बसलो होतो. येऊ नका, असे वासुदेवरावांनी म्हटले नव्हते. या, असेही म्हटले नव्हते.

वासुदेवरावांनी त्यांना चौरंगावर बसवले आणि झालेले सगळे सांगितले. दोन वाक्ये कन्नडमध्ये, मग माझ्यासाठी मराठीत. माझे नाव त्यांनी घेतले नाही. "माझ्या चुलीवर जास्त कढलं," एवढेच म्हणाले.

"चुलीपाशी मी होतो," मी म्हणालो.

शामण्णांनी माझ्याकडे पाहिले. डावा डोळा पूर्ण मिटत नसल्यामुळे त्यांच्या पाहण्याचा अर्थ लावणे कठीण होते. त्यांनी डाव्या गालाला बोट लावले, ओठ वर उचलून धरले, तेव्हा अक्षर आले.

"पुण्याचे ना तुम्ही? तुपाचे लोक."

पद्मक्का स्वयंपाकघरात मोठ्याने हसल्या. मग थांबल्या.

"दुसरं करायला किती दिवस?" शामण्णांनी विचारले.

"पुन्हा एकवीस. संक्रांत उलटून जाईल."

"एकादशी त्याआधी आहे."

"होय."

"मग हे अंगाला चालतं म्हणता, ते गालाला चालेल?"

"गालाला, मानेला, कानामागे. रोज दोनदा, आणि वर गरम पाण्याचा शेक. नाकाचं काम ते करणार नाही, हे सांगून ठेवतो."

"सरी. लावा."

वासुदेवरावांनी तेल कोमट केले. शामण्णा पंचा गळ्याभोवती घेऊन बसले. हनुवटीपासून कानाकडे, कानापासून कपाळाकडे, खालून वर, अंगठ्याने. अर्धा तास लागला. तेल जाडसर होते, वासाला भाजलेल्या तिळासारखे. उठताना मास्तरांनी देवळाच्या मंडळींना निरोप सांगायला सांगितले: दुसऱ्या माणसाला बोलावून ठेवा, पण जागा माझी राहू द्या, मी बसेन, जेवढे जमेल तेवढे वाचेन, पुढचे त्याने वाचावे.

ते गेल्यावर वासुदेवरावांनी एका कागदाच्या पट्टीवर कन्नडमध्ये आणि खाली मोडीत काही लिहून ती खळीने बरणीला चिकटवली. मोडी मला वाचता येते. लिहिले होते: बाहेरून लावण्यासाठी. नाकात घालू नये. पोटात घेऊ नये.

त्याच दुपारी ते येलहंक्याला गेले. मी बरोबर येऊ का, म्हणून विचारले. टोपली उचलायला दुसरा माणूस लागेल, असे ते म्हणाले. मुनियम्माने सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो मला. वासुदेवरावांनी अर्थ सांगितला: झाडाला मास्तरांचं नाव सांगून आणलं होतं, आता त्याला काय सांगू? ती स्वतःच खुरपे घेऊन बांधाखाली उतरली, जे झाड सोडून ठेवले होते त्याच्यापाशी बसली आणि बराच वेळ बोलली. वासुदेवराव दूर उभे राहिले. त्यातले त्यांनी काही भाषांतर केले नाही.

रविवारी पहाटे दुसऱ्या तेलासाठी पहिल्या मुळ्या निघाल्या. टोपली स्टेशनपर्यंत मी उचलली. सोमवारी माझी रजा संपत होती.

ताईचे पत्र

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ताईचे पत्र आले. त्यातल्या ज्या गोष्टी तिने स्वतः पाहिल्या आणि ज्या मी नंतर वासुदेवरावांकडून पत्राने खात्री करून घेतल्या, तेवढ्याच इथे देतो.

एकादशीच्या संध्याकाळी शामण्णा मास्तर देवळात वाचायला बसले. अर्धा तास वाचले. प आणि ब ही अक्षरे काही ठिकाणी आली, काही ठिकाणी आली नाहीत. पुढचे वाचन दुसऱ्या माणसाने केले. मास्तर शेवटपर्यंत त्याच्या शेजारी बसून होते आणि दोनदा त्यांनी त्याची चाल दुरुस्त केली. गालाला तेल लावणे चालू होते. फरक तेलाने पडला की आपोआप, हे वासुदेवरावांनी सांगितलेले नाही; मी विचारले होते.

त्या दिवशी वैद्यांच्या परसात दुसऱ्या तेलाचे नववे आवर्तन चुलीवर होते. पातेल्यापाशी पद्मक्का होत्या. फेस आला तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते, आणि पातेले त्याच वेळी उतरवण्यात आले.